महाशिरेत काहीतरी हलत होतं

"बाई, उरका लवकर. कालपास्नं उपाशी हाय म्या. पोट कापायचं तर कापा, पर त्याच्या आदी घोटभर चा तरी पाजा."

ट्रॉलीवर आडवा पडलेला धुळाप्पा कोळेकर हसत होता. सकाळचे पावणेनऊ वाजले होते. त्याला ऑपरेशन थिएटरकडे नेणारी ट्रॉली वाटेत आमच्या सोनोग्राफीच्या खोलीपाशी थांबवली होती, कारण सर्जरीच्या रणनवरे सरांची चिठ्ठी आली होती. ‘गाठीची जागा पोटावर पेनने आखून पाठवा. पाच मिनिटांत.’

मी तेव्हा रेडिऑलॉजीच्या पहिल्या वर्षाला होते. एकोणीसशे नव्व्याण्णव साल. जिल्ह्याच्या ठिकाणचं सरकारी रुग्णालय, विभागात सोनोग्राफीचं एकच मशीन, आणि आमच्या प्रमुख कर्णिक मॅडम मुलीच्या लग्नासाठी आठवडाभर रजेवर. त्यामुळे त्या खोलीची मालकीण मीच होते.

"चहा नंतर. आता श्वास आत घ्या आणि धरून ठेवा," मी म्हटलं आणि त्याच्या उजव्या बरगड्यांखाली जेल लावलं.

"आयला, गार हाय की!"

धुळाप्पा चाळिशीतला मेंढपाळ. माणदेशातला. उन्हाने रापलेला, काटकुळा, पण पोटाची उजवी बाजू वर आलेली. त्याच्या यकृतात नारळाएवढी पाण्याची गाठ होती. कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक जंत असतो, त्याची अंडी कुत्र्याच्या अंगावरून माणसाच्या हाताला लागतात आणि हातावरून पोटात जातात. मग यकृतात त्या जंताची गाठ धरते आणि वर्षानुवर्षं, न दुखता, वाढत राहते. आम्ही तिला हायडॅटिड म्हणतो. मेंढरं आणि कुत्री ज्यांच्या घरचीच असतात, अशा माणसांमध्ये ती जास्त दिसते. आमच्याकडे महिन्याला एखादी तरी यायची. रणनवरे सर ती गाठ काढण्यात इतके तरबेज होते, की तासाभरात बाहेर येऊन चहा मागवत.

गाठ पडद्यावर लगेच सापडली. काळी, गोल, यकृताच्या मागच्या आणि वरच्या भागात. मी पेनने पोटावर गोल काढला. काम संपलं होतं. पोटावर फिरवायचा प्रोब मी उचलणारच होते, एवढ्यात धुळाप्पाला खोकला आला.

पडद्याच्या उजव्या कडेला काहीतरी फडफडलं.

मी प्रोब तिथेच दाबून धरला. खोकला थांबला. फडफड मात्र थांबली नाही. ती मंद झाली, पण चालूच राहिली. आत, बाहेर. आत, बाहेर.

यकृताच्या पाठीमागून अंगठ्यापेक्षाही जाड एक शीर वर जाते. पाय, पोट, सगळ्या खालच्या अंगाचं रक्त ती हृदयात नेऊन ओतते. पुस्तकात तिला अधोमहाशीर म्हणतात. पडद्यावर ती कोऱ्या काळ्या पट्ट्यासारखी दिसायला हवी. धुळाप्पाच्या महाशिरेत एक पांढरी पातळ झिरमिळी लोंबत होती. तिचं एक टोक गाठीच्या बाजूला अडकलेलं होतं आणि दुसरं मोकळं टोक रक्ताबरोबर हृदयाच्या दिशेने हेलकावे खात होतं. त्या टोकाला द्राक्षाएवढा एक गोल फुगा होता.

हे मी कधी पाहिलं नव्हतं. जाडजूड पुस्तकातल्या एका तळटीपेत वाचलं होतं फक्त. क्वचित, फार क्वचित, ही गाठ यकृतातल्या शिरेत फुटते आणि तिच्या आतलं आवरण महाशिरेत उतरतं.

"धुळाप्पा, कधी एकदम दम लागून पडला होतात का?"

"दोन येळा. घाटात मेंढरं चढवताना एकदा, आन् मागल्या आठवड्यात एकदा."

दारात त्याची बायको उभी होती. तायव्वा. उंच, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात कापडी पिशवी. ती आत आली. "नुसता दम न्हाय बाई. सगळ्या अंगावर ह्या एवढ्या गांध्या उठल्या व्हत्या. व्हट सुजलं. आन् पाय तर बगा की."

मी त्याच्या पायावरची चादर सारली. घोट्याच्या वर बोटाने दाबलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला. फुगलेल्या निळ्या शिरा मांडीपासून पोटापर्यंत चढल्या होत्या. सगळं डोळ्यांसमोर होतं. अंगावर गांध्या आल्या, कारण गाठीतलं पाणी रक्तात झिरपलं होतं. दम लागला, कारण एखादा बारका तुकडा फुप्फुसात गेला होता. आणि आता थिएटरमध्ये सर यकृताला हात घालणार, ते दाबून वर उचलणार. पहिल्याच दाबाला ही झिरमिळी तुटली की हृदय आणि तिथून फुप्फुसाची मोठी शीर. माणूस टेबलावरच जाणार.

"तायव्वा, ट्रॉलीजवळ उभ्या राहा. मी परत येईपर्यंत ह्यांना कोणी हलवायचं नाही. कुशीवर वळवायचं नाही. पोटाला कोणी हात लावायचा नाही. कोणीही आलं तरी."

"का वो? काय झालं?"

"येऊन सांगते."

मी पळत सुटले. थिएटर दुसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यात एका सिस्टरला धडकले, तिच्या ट्रेमधल्या बाटल्या घरंगळल्या, मी "सॉरी सिस्टर" म्हणत तशीच वर गेले.

रणनवरे सर हात धूत होते. सहा फुटी माणूस, पांढऱ्या भुवया, बोलणं मोजकं. पलीकडे भुलीच्या मुजावर मॅडम सिरिंज भरत होत्या.

"सर, कोळेकरांची केस थांबवा."

"खूण केलीस का?"

"केली. सर, त्यांच्या महाशिरेत आवरण उतरलंय. हलतंय. मोकळं टोक हृदयापासून दोन इंचांवर आहे."

सरांनी नळ बंद केला नाही. "खलाटे, सीटी झालाय त्याचा."

"सीटी रंगाचं इंजेक्शन न देता काढलाय सर. त्यात शिरेच्या आतलं दिसत नाही."

"आणि सोनोग्राफी?" त्यांनी मान वळवली. "मॅडम, फाइल बघा जरा."

मुजावर मॅडमनी फाइल उघडली. दोन आठवड्यांपूर्वीचा रिपोर्ट त्यांनी मोठ्याने वाचला. यकृतात बारा सेंटिमीटरची गाठ. पित्ताशय नॉर्मल. मूत्रपिंडं नॉर्मल. महाशीर नॉर्मल.

"खाली सही कोणाची आहे?" सरांनी विचारलं.

मुजावर मॅडम थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या चांगल्या बाई होत्या, त्यांनी नाव वाचलं नाही.

"माझी आहे सर," मी म्हटलं.

"म्हणजे दोन आठवड्यांपूर्वी तुला शीर मोकळी दिसली. आज तिच्यात काहीतरी हलताना दिसतंय. एकच मशीन, एकच डॉक्टर. मी कोणत्या खलाटेवर विश्वास ठेवू?"

पाण्याचा आवाज येत होता. उत्तर मला माहीत होतं. जिन्यातून पळतानाही ते माझ्या मागे पळत होतं.

"आजच्या सर. त्या दिवशी मी शीर बघितलीच नव्हती."

"काय म्हणालीस?"

"बाहेर साठ पेशंट बसले होते. गाठ दिसली, तिचं माप घेतलं आणि पुढचा पेशंट बोलावला. रिपोर्टच्या कागदावर बाकीचं सगळं नॉर्मल असं छापलेलंच असतं. मी खाली सही केली. मी न बघता लिहिलं सर. आज बघितलंय. हवं तर मला उद्या काढून टाका, पण आधी खाली येऊन बघा."

थिएटरमधल्या दोघी सिस्टर, एक शिकाऊ डॉक्टर, सगळे ऐकत होते. सरांनी कोपराने नळ बंद केला. ओल्या हातांनीच ते जिना उतरायला लागले. मुजावर मॅडम त्यांच्या मागे, मी सगळ्यांच्या मागे.

खाली वेगळाच तमाशा चालला होता. वॉर्डमधले शिपाई मामा ट्रॉली न्यायला आले होते आणि तायव्वा ट्रॉलीवर दोन्ही हात रोवून उभी होती. "त्या बाई आल्याबिगार ह्यास्नी कुणी हात लावायचा न्हाय! सांगून ठिवते!"

"बरोबर आहे बाई तुमचं," रणनवरे सर म्हणाले आणि थेट मशीनसमोर बसले. "दाखव."

मी प्रोब ठेवला. दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरलं. काळी शीर पडद्यावर आली. झिरमिळी होती. फुगाही होता. श्वासागणिक वर सरकत होता, खाली येत होता.

सर पडद्याच्या अगदी जवळ वाकले. मुजावर मॅडम पुटपुटल्या, "या अल्ला."

"मघाशी टोक कुठे होतं?" सरांनी विचारलं.

"इथे." मी बोट ठेवलं. मग माझ्या लक्षात आलं. "सर, दहा मिनिटांत ते बोटाच्या पेराएवढं वर सरकलंय."

सर उठले, कोपऱ्यातल्या फोनकडे गेले आणि पुण्यातल्या एका मित्राला फोन लावला. मित्र हृदयाची ऑपरेशनं करत असे. बोलणं आम्हाला एकतर्फी ऐकू येत होतं. "हो, हलतंय... नाही, आमच्याकडे हार्ट-लंग मशीन नाही... सहा तास लागतील, रस्ता तुला माहीत आहे... बरं. आधी वरून... आणि मग?" फोन ठेवून त्यांनी मुजावर मॅडमकडे पाहिलं.

"पुण्याला पाठवलं तर?"

"घाटात पहिल्या खड्ड्याला जाईल," मॅडम म्हणाल्या.

"इथे केलं तर?"

"इथे निदान आपण समोर असू."

सरांनी क्षणभर डोळे मिटले. मग भराभर बोलायला लागले, त्यांना इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. यकृताला हात लावायच्या आधी त्याच्या वर, हृदयाच्या दाराशी, महाशिरेभोवती फीत ओवायची. वाट बंद करायची सोय आधी करायची. मग खालून शीर बंद, यकृतात येणारं रक्त बंद, शीर उघडायची, आवरण बाहेर काढायचं, शिवायचं. शीर बंद असताना हृदयात रक्तच कमी येणार, त्यामुळे प्रेशर कोसळणार. "किती मिनिटं देता मॅडम?"

"पंधरा. त्याच्या पुढचं माझ्या हातात नाही."

"खलाटे, तू आत येणार आहेस. प्रोबला निर्जंतुक हातमोजा चढव. फीत ओवली जाईपर्यंत ती चीज कुठे आहे, तुटतेय का, हे मला सतत सांगायचं. मला ती दिसणार नाही. तुलाच दिसणार."

मी मान हलवली. त्यांनी तायव्वाला आणि धुळाप्पाला सगळं समजावलं, काही न लपवता. धुळाप्पाचं हसू मावळलं होतं. त्याने एवढंच विचारलं, "न्हाय केलं तर?"

"आज किंवा उद्या ते हृदयात जाईल."

"मंग करा."

तायव्वाने कागदावर अंगठा उठवला. मला राहवेना. मी सरांना बाजूला गाठलं. "सर, त्यांना माझ्याबद्दल सांगायला हवं. दोन आठवड्यांपूर्वीचं."

"आत्ता सांगून तुझं मन हलकं होईल. त्याचं होणार नाही. त्याला आत्ता घाबरायला एवढं पुरेसं आहे." ते वळले आणि परत थांबले. "नंतर सांग. पण सांग. मी विचारणार आहे."

साडेदहा वाजता पोट उघडलं. मी आयुष्यात पहिल्यांदा उघड्या पोटाशी गाऊन घालून उभी होते. हातमोज्यात गुंडाळलेला प्रोब यकृताच्या वरच्या कडेला नुसता टेकवलेला. माझ्या डावीकडे वर आणलेल्या मशीनचा पडदा, समोर सर, डोक्याशी मुजावर मॅडम.

"बोल."

"जागेवर आहे."

सर छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यासारख्या स्नायूच्या खाली बोट सरकवत होते, महाशिरेच्या मागून वाट काढत. गाठ नेमकी तिथेच फुगलेली. जागा इतकी अरुंद, की त्यांचं एकच बोट जात होतं.

"बोल, खलाटे."

"जागेवर. टोक हलतंय. मूळ घट्ट आहे."

"प्रेशर एकशे दहा," मुजावर मॅडम म्हणाल्या.

दहा मिनिटं गेली असतील. मला तास वाटला. माझा खांदा दुखत होता, घाम भुवईवरून डोळ्यात उतरत होता आणि सिस्टरने तो टिपायला हात पुढे केला तेव्हा मी ओरडले, "नको, मधे येऊ नका!" सर खाली बघतच म्हणाले, "बरोबर."

मग फीत मागून पुढे यायला लागली. तिच्याबरोबर यकृत जरासं उचललं गेलं, केसभरच.

"थांबा सर! मूळ ताणलं जातंय!"

सरांचा हात जागच्या जागी थिजला. पडद्यावर झिरमिळी ताठ झाली होती, दोरीसारखी.

"सैल केलं. आता?"

"सैल झालं. पण मुळाशी चीर दिसतेय. सर, अर्धं तुटलंय."

"फीत आली आहे. क्लॅम्प द्या."

सिस्टरने त्यांच्या हातात शीर दाबून बंद करणारा लांब, वाकडा क्लॅम्प ठेवला. त्याच क्षणी पडद्यावरची दोरी नाहीशी झाली.

"सुटलं!" मी किंचाळले. "सर, सुटलं, बंद करा!"

कट् असा आवाज झाला. क्लॅम्प बसला होता.

"वर गेलं का खाली आहे?" सरांचा आवाज अगदी शांत होता.

पडदा काळा होता. सगळीकडे काळं. मी प्रोब एक बोट सरकवला. काहीच नाही. मुजावर मॅडमचा आवाज आला, "प्रेशर सत्तर. कार्बन डायऑक्साइड पडतोय. खलाटे, हृदयात आहे का ते?"

श्वासातला कार्बन डायऑक्साइड पडणं म्हणजे फुप्फुसात रक्त पोचत नसणं. शीर बंद झाल्यानेही तो पडतो आणि तुकडा फुप्फुसात अडकल्यानेही पडतो. तो कशाने पडतोय हे त्या खोलीत फक्त मला सांगता येणार होतं.

मी श्वास सोडला. प्रोब वर नेला, हृदयाच्या उजव्या कप्प्यावर. कोरा. झडप उघडत होती, मिटत होती, आत काही नाही. मग पुन्हा खाली, मिलिमीटर मिलिमीटर. क्लॅम्पची पांढरी रेघ. तिच्या सावलीच्या अलीकडे, थांबलेल्या रक्तात, एक द्राक्ष सावकाश गरगरत होतं. त्याच्यामागे आणखी दोन.

"खाली आहे! क्लॅम्पच्या खाली! तिन्ही खालीच आहेत! हृदय मोकळं आहे सर!"

"नक्की?"

"नक्की. मी बघितलंय."

"बास. बाजूला हो."

मी मागे सरले आणि भिंतीला टेकले. पुढचं मी लांबून पाहिलं. खालचा क्लॅम्प. यकृताच्या रक्ताचा क्लॅम्प. मुजावर मॅडम दर मिनिटाला आकडा सांगत होत्या. "दोन मिनिटं, प्रेशर साठ." सरांनी शीर उघडली. "चार." चिमट्यात धरून त्यांनी काहीतरी बाहेर ओढलं आणि ट्रेमध्ये टाकलं. ओल्या पांढऱ्या पापुद्र्यासारखं, हातभर लांब. मग एक फुगा. दुसरा. "सहा. प्रेशर पंचावन्न, मला आवडत नाहीये हे." तिसरा सापडेना. सरांनी शिरेत बोट घातलं, डोळे छताकडे, आणि बोटाला लागताच त्यांच्या भुवया वर गेल्या. "आला." टाके सुरू झाले. "नऊ." "दहा." "रणनवरे, अकरा!" मॅडम त्यांना नुसत्या आडनावाने हाक मारत होत्या.

"सोडतोय," सर म्हणाले आणि क्लॅम्प एकेक करून उघडले.

आकडे काही क्षण हलले नाहीत. मग साठ. बहात्तर. नव्वद. मुजावर मॅडमनी मास्कच्या आत मोठ्याने श्वास सोडला आणि शिकाऊ डॉक्टरने टाळी वाजवायला हात उचलून तसाच खाली घेतला.

उरलेली गाठ काढायला दीड तास लागला. बाहेर आल्यावर सरांनी त्या दिवशी चहा मागवला नाही. ते नुसते बाकावर बसून राहिले.

तायव्वाला आम्ही तो वाचल्याचं सांगितलं. तिने दोन्ही हात जोडले, सरांना, मॅडमना आणि मग मला. मला सगळ्यांत जास्त वेळ. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्या बाईनं जिता ठिवला." मी तिच्या डोळ्यांत बघू शकले नाही.

चौथ्या दिवशी धुळाप्पा उशांना टेकून भाताची पेज पीत होता. वॉर्डात दुपारचं ऊन आलं होतं. मी स्टूल ओढून बसले. आधी त्याच्या कळपातल्या कुत्र्यामुळे ही गाठ धरली, ते सांगितलं. त्याने घाबरून विचारलं, "मारायचं का त्येला मंग?" मी म्हटलं, नाही, जंताचं औषध द्यायचं, मेलेल्या मेंढराची काळीज-फुप्फुसं त्याला खायला घालायची नाहीत आणि जेवायच्या आधी हात धुवायचे. त्याचा जीव भांड्यात पडला. मग मी दुसरं सांगितलं.

सगळं सांगितलं. साठ पेशंट होते, हेही सांगितलं, पण सांगताना मलाच ते पोकळ वाटलं.

धुळाप्पाने वाटी खाली ठेवली. "म्हंजे त्या दिशी तुमी बघितलंच न्हाय."

"नाही."

"बघितलं असतं तर दिसलं असतं?"

"बहुतेक दिसलं असतं."

तायव्वा पलंगाच्या पलीकडे उभी होती. ती हळू आवाजात बोलायला लागली, आणि तो आवाज मला ओरडण्यापेक्षा जास्त लागला. "तुमी सगळं बरं हाय म्हणून लिवून दिलं, नुसती गाठ हाय म्हणाला, आन् तारीख पंधरा दिसांची दिली. म्हणून हे परत मेंढरामागं गेलं. त्या आठवड्यात रानात पडलं. व्हट काळं पडलं व्हतं. म्या एकली. मैलभर माणूस न्हाय. म्या ह्यांच्या तोंडावर पाणी मारत बसलेली, आन् मेंढरं भवतीनं वरडत व्हती. मला वाटलं संपलं." तिने पदराने तोंड पुसलं. "तवा तुमी आमच्या डोळ्याम्होरं न्हवता बाई."

"माझी चूक आहे," मी म्हटलं.

मी उठून आले. पुढचे आठ दिवस मी रोज वॉर्डात गेले. धुळाप्पा विचारलेल्याचं उत्तर द्यायचा. तायव्वा तेवढंही नाही. घरी सोडलं त्या दिवशी ती सरांच्या पाया पडली, मुजावर मॅडमना पिशवीतून काढून घोंगडी दिली आणि माझ्याजवळून सरळ निघून गेली.

सरांनी नंतर विचारलं, "सांगितलंस?"

"हो."

"काय म्हणाले?"

"रागावले."

"रागावणारच," सर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. माझ्याबद्दलची तक्रार त्यांनी स्वतःच कर्णिक मॅडमकडे लेखी दिली. त्याच पत्रात खाली, ऑपरेशनच्या वेळी मी काय केलं, तेही लिहिलं. मला सहा महिने रात्रंदिवस जादा पाळ्या लागल्या. त्या मी केल्या. छापील रिपोर्टचे कागद मॅडमनी रद्दीत घातले.

तीन महिन्यांनी ती दोघं तपासणीला आली. खोलीत कर्णिक मॅडम बसल्या होत्या, मी शेजारी. तायव्वाने दारातूनच पाहिलं आणि म्हणाली, "ह्या न्हाय. त्या बाई."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "मावशी, मी मोठी डॉक्टर आहे."

"असाल की. पर आमास्नी त्या बाई पायजेत."

मॅडम हसून उठल्या. मी खुर्चीत बसले, पण प्रोब हातात घेण्याआधी मला विचारल्याशिवाय राहवलं नाही. "तायव्वा, माझ्याकडेच का?"

ती टेबलाच्या कडेला हात ठेवून उभी राहिली. वजन आलेला, दाढी केलेला धुळाप्पा वर चढून आडवा झाला. तायव्वा म्हणाली, "वाटभर हेच बोलत आलो आमी. न बघता लिवणारं लई असतील. म्या बघितलं न्हाय, असं तोंडावर येऊन सांगणारं कोण असतं? त्या दिशी तुमी सांगितलं नसतं तर आमाला काय कळणार व्हतं? पाया पडून गेलो असतो तुमच्या." ती थांबली. "मला राग हाय अजून. ऱ्हाईल. पर तुमी आज म्हणला की आत काय न्हाय, तर ते म्या खरं धरीन."

धुळाप्पा छताकडे बघत म्हणाला, "बगा बाई. सावकाश बगा. आज गडबड न्हाय आमास्नी."

मी बघितलं. यकृत, गाठीची रिकामी, आक्रसलेली जागा, तिच्याशेजारची शीर आणि मग महाशीर, खालपासून वरपर्यंत, हृदयाच्या दारापर्यंत. श्वास धरायला लावून बघितलं, सोडायला लावून बघितलं. कुशीवर वळवून बघितलं. खोकायला लावून बघितलं. बाहेरची रांग वाढत होती. कर्णिक मॅडम दाराशी उभ्या होत्या, पण त्यांनी घाई केली नाही. अर्ध्या तासाने मी पडदा तायव्वाकडे वळवला.

ती वाकली. काळा पट्टा पडद्यावर आडवा पसरला होता, कोरा, आणि त्याच्या कडा श्वासाबरोबर जवळ येत होत्या, लांब जात होत्या.

"हे काळं काय हाय?"

"त्यांचं रक्त. पायांकडून हृदयाकडे चाललंय."

"मधी काय अडलेलं न्हाय?"

"काही नाही."

तिने आणखी थोडा वेळ पाहिलं. मग सरळ झाली, धुळाप्पाच्या पोटावरचं जेल आपल्या पदराने पुसलं आणि त्याला हात देऊन उठवत म्हणाली, "मंग जाऊ द्या की त्येला. चला, उठा. एस्टी चुकंल."